ताई, कॉम्प्युटर आता बंद पडत नाही

ताई,

काल तुझी वेताची आरामखुर्ची कोयत्याने फोडली आणि न्हाणीच्या चुलीत घातली. आधी हात, मग पाय, शेवटी पाठ. वेत सुका होता, भरभर पेटला. पाणी चांगलं कढत झालं. मी डोक्यावरून न्हाले, केस पुसत पडवीत आले आणि तू बसायचीस त्या रिकाम्या जागेकडे बघून म्हटलं, "झालं समाधान?" ते तुला विचारलं की मला, माझं मलाच कळलं नाही.

तुला जाऊन अजून दोन महिनेही झालेले नाहीत. आळीतल्या महिला मंडळाला त्यांच्या पुस्तिकेत तुझ्यावर एक पान हवंय. सेक्रेटरीबाई स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, "नीलाताई, तुम्हीच लिहा. आई गेल्यावर धाकट्या बहिणीला वाढवलं, स्वतःचा संसार केला नाही, असं सगळं येऊ दे. वाचताना डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." मी हो म्हटलं. हे त्यांना छापवेल की नाही, माहीत नाही. छापलं तर सगळी आळी वाचेल. वाचू दे. आळी काय म्हणेल याला तू जन्मभर फार जपलंस.

तर कॉम्प्युटरबद्दल.

शाळेने मला कमी केलं त्या वर्षी मी मागच्या खोलीत टेबल लावलं आणि ऑस्ट्रेलियातल्या मराठी मुलांना व्हिडिओवर शिकवायला लागले. तिकडे संध्याकाळ व्हायची तेव्हा आपल्याकडे दुपार. जेवणं आवरली की तू पडवीत बसायचीस, कधी आमसुलं निवडत, कधी नुसतीच रस्त्याकडे बघत. आत मी मुलांना 'चमचा' या एका शब्दात दोन वेगळे च कसे आहेत ते म्हणून दाखवायची आणि ती सगळी चुकीचं म्हणत हसायची. त्यांचं हसणं पडवीपर्यंत यायचं. तू एकदा म्हणाली होतीस, "घरात पोरं आल्यासारखं वाटतं." मला ते किती आवडलं होतं!

पहिले काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी वर्ग रंगात आलेला असताना पडदा काळा झाला. खोलीतला दिवा चालू, पंखा चालू, फक्त कॉम्प्युटर बंद. पुन्हा बटण दाबलं तर बिचारा मुकाट सुरू झाला. पुढच्या आठवड्यात परत तेच. मग कधी लागोपाठ दोन दिवस, तर कधी पंधरा-पंधरा दिवस काहीच नाही. रोज बंद पडला असता तर सोपं होतं. या मधल्या बऱ्या दिवसांनी मला वेड लावलं.

नदीम आला. त्याला तू 'कॉम्प्युटरचा डॉक्टर' म्हणायचीस. त्याने कॅबिनेट उघडलं, आतून धुळीचे बोळे निघाले आणि एक वाळून कोळसा झालेली पाल निघाली. तू दारात उभी राहून म्हणालीस, "अगो बाई, हिच्यामुळेच!" नदीमने धूळ फुंकून काढली, रॅम खोडरबराने घासली, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली, पंखा बदलला. म्हणाला, "टीचर, गरम होऊन बंद पडत होता. आता नाय पडणार." तू त्याला कोकम सरबत दिलंस. चार दिवसांनी पाचवीतल्या एका मुलीची कविता अर्ध्यावर आली आणि कॉम्प्युटर बंद.

मग त्याने एसएमपीएस, म्हणजे आतला करंट पुरवणारा डबा, बदलला. मग प्लग बदलला, केबल बदलली. विंडोज पुसून नवी टाकली. शेवटी अख्खा कॉम्प्युटर उचलून दुकानात घेऊन गेला आणि आठवडाभर चालू ठेवला. तिकडे एकदाही बंद पडला नाही. परत आणून जोडताना म्हणाला, "टीचर, माझ्याकडे हा एकदम शहाणा असतो. तुमच्याकडे आला की ह्याच्या अंगात येतं." आपण तिघंही हसलो. तू तर डोळ्याला पदर लावून हसलीस.

ताई, तो दिवस मी विसरायचा म्हटला तरी विसरत नाही. त्याच दिवशी नदीमने पडद्यावर काहीतरी उघडून वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "टीचर, हा आपणहून बंद होत नाय. हा म्हणतो, माझा करंट मधेच काढून घेतला."

मी म्हटलं, "पण बोर्डावर करंट आहे. मी तेव्हाच्या तेव्हा टेस्टर लावून बघते."

"तेच तर समजत नाय."

आणि तू पडवीतून म्हणालीस, "करंट काय कोण खिशात घालून नेतं होय रे?"

हे वाक्य मी रोज आठवते. भात लावताना आठवते, केर काढताना आठवते. तुझा आवाज त्यात जराही हललेला नव्हता.

नदीमने मग अर्थिंगवर संशय घेतला. तुळशीमागे जांभा फोडून खड्डा काढला, त्यात कोळसा आणि मीठ भरलं, तांब्याची पट्टी सोडली. सांगून गेला की खड्डा सुकू देऊ नका, अधूनमधून पाणी घाला. ते काम तू आपणहून अंगावर घेतलंस. सकाळी तुळशीला एक तांब्या आणि अर्थिंगला एक तांब्या. मी खिडकीतून बघायची आणि मला भरून यायचं, की माझ्या कामासाठी ही एवढी म्हातारी वाकून वाकून पाणी घालतेय.

यूपीएसवरून मात्र आपण भांडलो. नदीम पहिल्यापासून म्हणत होता, टीचर, एक यूपीएस लावा, करंट गेला तरी वर्ग बंद पडणार नाही. तू ऐकूनच घेईनास. घरात इन्व्हर्टर असताना आणखी बॅटरी कशाला, ती फुटते, तिच्या वासाने डोकं चढतं. तरी मी एकदा आणलाच. तर तू दोन दिवस कपाळाला सुंठ लावून पडून राहिलीस, जेवायला उठली नाहीस. मी मुकाट्याने तो परत करून आले. त्या संध्याकाळी तू उठून माझ्यासाठी घावन केलेस. मला वाटलं, भांडण मिटलं. आता कळतं, त्या यूपीएसला तू इतकी का घाबरलीस. तो राहिला असता तर तुझ्या हातात काही उरलं नसतं.

साताऱ्याकडच्या त्या निवासी शाळेचं बोलावणं आलं, तेव्हा मी सगळ्यात आधी तुलाच सांगितलं. मराठीची शिक्षिका हवी होती, राहायला खोली, जेवण, मुलांमध्ये दिवस. पन्नाशीला टेकलेल्या बाईला कोण असं बोलावतं? तू म्हणालीस, "जा की. मी काय कुकुलं बाळ आहे?" मुलाखत व्हिडिओवर होती. सकाळी तू शिरा केलास, माझ्या हातावर दही घातलंस. मी देवाला आणि तुला नमस्कार केला आणि आत जाऊन बसले. त्यांनी मला एक धडा शिकवून दाखवायला सांगितला. माझा सूर लागला होता, ताई. समोरच्या तिघीही पुढे वाकून ऐकत होत्या. आणि पडदा काळा झाला.

मी धावाधाव करून मोबाईलवरून जोडलं तर आपल्या जाड भिंतींच्या आत रेंज कुठली? माझे शब्द तुटत होते. त्यांच्यातली एक बाई सभ्यपणे म्हणाली, "असू द्या, आम्ही कळवू." त्यांनी कळवलं नाही.

मी बाहेर येऊन तुझ्या पायाशी बसले आणि रडले. तू माझ्या डोक्यावर तेल घातलंस, बोटांनी हळूहळू जिरवलंस. म्हणालीस, "उगी. तुझ्या नशिबात इथलंच पाणी आहे." मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं.

मग तू आजारी पडलीस आणि फार दिवस न घेता गेलीस. कार्य आटोपलं, पाहुणे गेले, मी पुन्हा वर्ग सुरू केले. पहिला वर्ग पार पडला. दुसरा पडला. महिना होत आला, कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मी काय केलं असेल? तुझ्या फोटोपुढे निरांजन लावलं आणि म्हटलं, ताई, जाता जाता माझी पीडा घेऊन गेलीस गो. मुलांनाही सांगितलं, माझी ताई वरून लक्ष ठेवतेय. बघ, इतकी मूर्ख मी.

मागच्या आठवड्यात शेजारच्या विमलवहिनी दुपारच्या आल्या. आभाळ भरून पडवीत अंधारलं होतं. मी आतून ओरडले, "वहिनी, बसा, वर्ग संपतोच आहे." आणि दुसऱ्या क्षणी समोरची सगळी मुलं नाहीशी झाली. दिवा चालू, पंखा चालू, फक्त कॉम्प्युटर बंद.

मी बाहेर आले. विमलवहिनी तुझ्या खुर्चीत बसल्या होत्या आणि एक हात वर भिंतीवरच्या जुन्या बोर्डावर होता. विहिरीचा पंप इकडे होता तेव्हाचा तो बोर्ड. मला वाटायचं, पंप परसात गेला तेव्हाच तो निकामी झाला.

"वहिनी, काय केलंत?"

"अगो, दिवा लावत होते. काळोख किती झालाय." मग एकदम जीभ चावून म्हणाल्या, "अरे देवा! हे ते बटण का? कुसुमताई नेहमी सांगायच्या मला, याला हात लावू नका हो, आत नीलाचा कॉम्प्युटर बंद पडतो."

मी विचारलं, "ताई सांगायची?"

"हो ना. कितीदा. मी आपली विसरभोळी."

त्या बिचारीला काहीच कळलं नाही. चहा घेऊन, आळीतल्या चार बातम्या सांगून घरी गेली. मग मी ते बटण पुन्हा चालू केलं, आत जाऊन कॉम्प्युटर सुरू केला, बाहेर येऊन बटण बंद केलं आणि लगेच चालू केलं. आत जाऊन बघितलं. बंद. पुन्हा सुरू केला, पुन्हा बाहेर आले. असं मी किती वेळ करत होते कोण जाणे. पंप हलवला तेव्हा वायरमनने ती मोकळी लाईन मागच्या खोलीत प्लगसाठी ओढली असणार. मी तेव्हा शाळेत होते, घरी तू होतीस. बटण खाली-वर करायला जेमतेम चुटकीएवढा वेळ लागतो. मी टेस्टर घेऊन आतल्या बोर्डाशी जाईपर्यंत करंट परत आलेला असायचा. आणि हात तर खुर्चीतून न उठताच पोचतो. मी बसून बघितलं.

पहिल्यांदा चुकून झालं असेल, असं मी स्वतःला समजावलं. असेलही. दिवा लावायला गेली असशील. पण नंतर?

मग मी सूड घ्यायला लागले. मेलेल्या माणसावर सूड उगवणं किती अवघड असतं, ताई! तुझं काही दुखतच नाही. तरी मी शोधून शोधून केलं. विमलवहिनी किती वर्षं तुझ्या आंबोशीच्या लोणच्याची कृती मागत होत्या आणि तू हसून विषय बदलायचीस. मी जाऊन सगळं सांगितलं, मेथी किती भाजायची, गूळ कधी घालायचा, सगळं. त्या म्हणाल्या, "कुसुमताईंना आवडलं नसतं हो." मी म्हटलं, "म्हणूनच." तुझ्या इरकली साड्या वाटल्या, त्यातली जांभळी अशा बाईला दिली, जिच्याशी तू बोलत नव्हतीस. अर्थिंगच्या खड्ड्यावर पाणी घालणं बंद केलं. नदीमच्या दुकानात जाऊन, दोन गिऱ्हाइकं उभी असताना, मोठ्याने सांगितलं, "तुमची काही चूक नव्हती. माझी बहीण बटण बंद करत होती." तो गोरामोरा झाला. म्हणाला, "टीचर, जाऊ द्या. म्हातारं माणूस." मला त्याचाच राग आला. सगळ्यांनी तुला किती सहज जाऊ दिलं!

आणि काल खुर्ची.

पण पाणी तापत असताना मी चुलीसमोर बसले होते, तेव्हा एक गोष्ट मनात आली आणि ती मला आवडली नाही. कॉम्प्युटर बंद पडला की मी काय करायचे? वैतागून बाहेर यायचे. तुझ्याजवळ पायरीवर बसायचे. तू सरबत द्यायचीस, आपण दहा-पंधरा मिनिटं रस्त्यावरची माणसं बघायचो, कोण कोणाकडे निघालंय त्याचे अंदाज करायचो. एरवी मी दुपारभर आत आणि तू बाहेर. दुसऱ्यांच्या पोरांशी मी हसतेय आणि तू भिंतीच्या अलीकडे ऐकतेयस. मी बाहेर यायला हवं होतं तुला. एवढंच.

मग हाक मारायचीस ना! "नीले, ये गो जरा" म्हणायला काय जात होतं? मुलाखतीच्या सकाळी शिऱ्याऐवजी "जाऊ नकोस" एवढे दोन शब्द वाढले असतेस तर? मी गेले नसते. तुलाही ते माहीत होतं. तरी तुला मागायचं नव्हतं. देणारीच राहायचं होतं. मागितलं असतंस तर तुझ्यावर माझे उपकार झाले असते.

आई गेल्यानंतर तू विहिरीवर धुणी धुवायला जायचीस. मी पाण्यात पडेन म्हणून तुझ्या पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधायचीस. ओल्या पदराचा गारवा मला अजून आठवतो. मी ओढून बघायची, तू "आहे गो, आहे" म्हणायचीस आणि धुणं आपटत राहायचीस. चिपळूणचं स्थळ आलं होतं, मुलगा तुला पसंत होता. धाकटीला घरात ठेवून घेणार नाही म्हणाले, तेव्हा तू चहाचे कप उचलून आत निघून गेलीस. हे मला मामीने सांगितलं. तू मला कधी ऐकवलं नाहीस, भांडणातसुद्धा नाही. ते तुझं मोठेपण मी नाकारत नाही. सेक्रेटरीबाईंना हवं ते इथे आहे, त्यांनी हवं तर एवढंच छापावं. पण तू ते ऐकवलं असतंस, तोंडावर फेकलं असतंस, तर आपली फिटंफाट झाली असती. तू न बोलता साठवलंस आणि न बोलता वसूल केलंस.

इस्पितळात शेवटच्या दिवसांत एकदा तू माझा हात घट्ट धरला होतास. म्हणालीस, "नीले, तो तुझा कॉम्प्युटर..."

मी म्हटलं, "चुलीत गेला तो कॉम्प्युटर. तू बोलू नकोस, दम लागतो तुला."

तू डोळे मिटलेस. पुन्हा तो विषय काढला नाहीस.

काय सांगणार होतीस? कबूल करणार होतीस, की चालतो का नीट, एवढंच विचारणार होतीस? मी खूप विचार केला. लोक म्हणतील, कबूलच करणार होती, समजून घे. मी समजून घेणार नाही. अर्धं वाक्य टाकून निघून जायचं आणि उरलेलं मी माझ्या पदरचं घालून तुला माफ करायचं, हे मला जमणार नाही. माफी हवी असेल तर वाक्य पूर्ण करायला हवं होतंस. मी अडवलं तरी करायला हवं होतंस. एरवी मी अडवलं म्हणून तू कधी थांबली होतीस?

विमलवहिनी येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या शाळेला फोन लावला. मुख्याध्यापिकांना सांगितलं की माझी मुलाखत अर्ध्यात तुटली होती. यंत्रात बिघाड नव्हता, घरातच होता, तो आता दूर झालाय. 'दूर झालाय' म्हणताना मला जराही काही वाटलं नाही, हे तुला मुद्दाम सांगते. त्या म्हणाल्या, तेव्हा घेतलेल्या बाई वर्षाअखेर सोडताहेत, पुन्हा शिकवून दाखवता का?

आज सकाळी दाखवलं. शिरा केला नाही, दही घेतलं नाही, तुझ्या फोटोकडे बघितलं नाही. खोलीचं दार मात्र सताड उघडं ठेवलं. मी शिकवत असताना मधेच एकदा कान पडवीकडे गेला, सवयीने. बाहेर काहीच नव्हतं. मग मी अशी शिकवत सुटले की त्यांनीच हसत थांबवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आम्हाला तुम्ही हव्या आहात. फक्त एक विचारते, निवासी काम आहे म्हणून. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

आयुष्यात हा प्रश्न मला शेकडो जणांनी विचारला असेल. तोंड आपोआप उघडलं, 'ताई असते' म्हणायला.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मग तुम्हाला यायला काही अडचण नाही."

"नाही," मी म्हणाले, "आता काहीच अडचण नाही." आणि ते इतक्या मोठ्याने म्हणाले, ताई, की पडवीत कोणी बसलेलं असतं तर त्याला स्पष्ट ऐकू गेलं असतं.